गुरूचीही उलटतपासणी घ्या



आपण देवघरातील मूर्ती नदीत विसर्जित केल्यात, मुलांच्या गळ्यांतील ताईत तोडून टाकलेत आणि ज्याच्या उंबरठ्याशी आपल्या आजोबांस उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्या पुरोहिताच्या हातून कोणताही विधी करून घेणार नाही अशी प्रतिज्ञा केलीत. हे कार्य सोपे नव्हते. त्यासाठी कित्येकांनी सोयरिकी गमावल्या, गावकीचा राग ओढवून घेतला. ह्याविषयी आपणांस जयभीम करूनच मी पुढील अप्रिय प्रश्न विचारतो. पुरोहिताचे आसन आपण मोडलेत, की नुसते रिकामे केलेत?

प्रश्न विचारण्याचे कारण सांगतो. गेल्या वर्षी धानाची कापणी उरकल्यानंतर पवनी तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ आपल्या सुनेसह माझ्या कचेरीत आले. त्यांचे नाव व गाव मी देत नाही. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली त्यांची वडिलोपार्जित जमीन गेली होती. मोबदल्याच्या रकमेतून त्यांनी दुसरीकडे थोडी धानाची शेती घेतली होती. त्याच वस्तीत एक चीवरधारी इसम वर्षावासाच्या निमित्ताने येऊन राहिला. तो कोणत्या विहारातून आला, त्याचे उपाध्याय कोण, हे कोणी विचारले नाही. चीवर पाहिले आणि सर्वांनी हात जोडले. पहिल्या महिन्यात त्याने वंदना घेतली. दुसऱ्या महिन्यात घराघरांतील 'दोष' सांगण्यास आरंभ केला. तिसऱ्या महिन्यात मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि दोरे निघाले.

ह्या वृद्धांच्या नातवास सिकलसेलचा आजार आहे. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार किती घरांतून आहे हे आपणांस सांगावयास नको. आई व वडील दोघेही वाहक असले की प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. तो पूर्वजन्माच्या पापाने होत नाही, कोणाच्या नजरेने होत नाही, आणि दोऱ्याने जात नाही. मुलास सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत होत्या. चीवरधाऱ्याने सांगितले, गोळ्यांनी पुण्य अडते; त्या बंद करा. त्या बंद झाल्या. पावसाच्या झडीत मुलाच्या हातापायांत वेदना सुरू झाल्या, तो पांढराफटक पडला, आणि त्याच्या आईने सासऱ्याचा शब्द मोडून त्यास रातोरात इस्पितळात नेले म्हणून तो आज शाळेत जातो. पण दरम्यान वृद्धांनी 'विहारासाठी' म्हणून एक एकर जमिनीचे बक्षीसपत्र करून दिले होते. मी कागद वाचला. त्यात विहार हा शब्द एकदाही नव्हता. जमीन त्या इसमाच्या स्वतःच्या नावे झाली होती.

मी वकील आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असले कागद मी ह्यापूर्वीही पाहिले आहेत. परंतु त्या दिवशी मला संताप आला तो कागदाचा नव्हे. वृद्ध मला म्हणाले, "वकील साहेब, भन्तेले कसा विचाराचा जी? गुरूले सवाल केला त पाप लागते ना." धर्मांतर होऊन गेले, भिंतीवरील तसबीर बदलली, अभिवादनाचा शब्द बदलला, आणि गुरूस प्रश्न विचारल्याने पाप लागते हा पुरोहितशाहीचा मूळ सिद्धांत मात्र जागच्या जागी राहिला!

आता ज्या भगवंताचे नाव घेऊन हे चालले आहे त्याने काय सांगितले ते पाहा. कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतास विचारले की, येणारा प्रत्येक श्रमण आपलेच मत खरे सांगतो, मग आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? भगवंतांनी ज्या ज्या कारणांवरून एखादी गोष्ट मान्य करू नये असे सांगितले, त्यांत परंपरा आहे, ग्रंथ आहे, तर्कजाल आहे. आणि त्या यादीचे शेवटचे कारण काय आहे? हा श्रमण आमचा गुरू आहे, हे! केवळ एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका. कोणत्या धर्मसंस्थापकाने आपल्या अनुयायांस गुरूविरुद्ध असे हत्यार दिले आहे? आपणांस ते वारशाने मिळाले आहे आणि आपण ते गंजत ठेवले आहे.

मज्झिमनिकायातील चंकी सुत्तात ह्याहून स्पष्ट सांगितले आहे. एखादा भिक्षू गावाच्या आश्रयाने राहात असेल, तर गृहस्थाने किंवा गृहस्थाच्या मुलाने त्याच्याकडे जावे आणि लोभ, द्वेष व मोह ह्या तीन बाबतींत त्याची परीक्षा करावी. लोभापायी तो, जे जाणत नाही ते जाणतो असे म्हणेल काय? ज्याने दुसऱ्याचे दीर्घकाळ अहित होईल असे कृत्य तो लोकांकडून करवील काय? परीक्षेत तो शुद्ध ठरला, तर मग श्रद्धा, मग जवळ बसणे, मग ऐकणे. क्रम लक्षात घ्या. परीक्षा आधी आणि श्रद्धा नंतर. आमच्या वस्त्यांत नमस्कार आधी, दान त्यामागून, आणि परीक्षा न्यायालयात!

कोणी म्हणेल, वकीलसाहेबांस सर्वत्र साक्षीदार आणि उलटतपासणीच दिसते. दिसते खरी. परंतु विनयपिटक वाचा; तो कायद्याचाच ग्रंथ आहे, आणि त्यातील एक प्रकरण प्रत्येक बौद्ध कुटुंबाने मुलाबाळांसह वाचावे असे मला वाटते. वज्जी देशात दुष्काळ पडला होता. भिक्षा मिळेनाशी झाली. वग्गुमुदा नदीच्या तीरावर वर्षावास करणाऱ्या काही भिक्षूंनी युक्ती काढली. गृहस्थांसमोर ते एकमेकांची स्तुती करू लागले: हे अमुक ध्यान प्राप्त झालेले, हे अर्हत, हे सहा अभिज्ञांचे धनी. भोळ्या लोकांनी स्वतःच्या, बायकामुलांच्या तोंडचा घास काढून त्यांस वाढला. वर्षावास संपल्यावर इतर ठिकाणचे भिक्षू आले ते हाडकुळे, निस्तेज. हे आले ते गुबगुबीत. भगवंतांनी चौकशी केली, सत्य उघडकीस आले, आणि त्यांनी पाच प्रकारचे महाचोर सांगितले. त्या पाचांत सर्वांत मोठा चोर कोणता? अंगी नसलेले अलौकिक सामर्थ्य आहे असे जो सांगतो तो. कारण तो राष्ट्राचे अन्न चोरून खातो.

त्यावरून चौथ्या पाराजिकेचा नियम झाला. पाराजिका चारच आहेत: मैथुन, चोरी, मनुष्यवध, आणि अलौकिक सामर्थ्याचा खोटा दावा. ह्यांपैकी कोणतेही कृत्य केले की त्याच क्षणी भिक्षुत्व संपते. म्हणजे आपल्या शास्त्याने ह्या खोट्या दाव्याला मनुष्यवधाच्या पंक्तीस बसविले आहे. आणि दावा खरा असेल तर? तर तो अनुपसंपन्नास, म्हणजे तुम्हां-आम्हांस, सांगणे हाही पाचित्तियाचा दोष आहेच. दोन्ही बाजूंनी दार बंद. म्हणून जो चीवरधारी आपल्या अंगणात उभा राहून मला सिद्धी आहे, माझ्या पाण्यात गुण आहे, मला तुमच्या घराचा दोष दिसतो असे म्हणतो, त्याची सिद्धी खरी की खोटी ह्याचा निवाडा करण्याची आपणांस गरजच नाही. खोटी असेल तर तो भिक्षू उरलेला नाही. खरी असेल तर तो दोषी भिक्षू आहे. हे बोलणे निघताच गुरुत्वावरचा त्याचा हक्क संपला. ह्याइतका सोपा निकाल माझ्या वकिलीत मला एकदाही मिळालेला नाही.

दोऱ्याविषयी एक शब्द. सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात परित्राणपाठाच्या वेळी दोरा धरण्याची चाल आहे, असे सांगून त्याचे समर्थन करणारे आपल्यांत आहेत. चाल आहे, हे खरे. मनगटावरचा दोरा पाहून पंचशीलाचे स्मरण होत असेल तर माझी तक्रार नाही. पण दोरा गोळीची जागा घेऊ लागला की तो ताईतच. तो पांढरा असला म्हणून काय झाले?

बाबासाहेबांचे उदाहरण आपण रोज देतो. ते गुरूच्या बाबतीत लावून पाहू. बुद्ध, कबीर आणि जोतीबा फुले हे आपले तीन गुरू असे ते सांगत. ह्या तिघांपैकी कोणाच्याही पायांस त्यांचा हात लागणे शक्य नव्हते. जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. ज्या पुरुषाची नि आपली ह्या पृथ्वीवर एक दिवसही गाठ पडली नाही, त्यास त्यांनी गुरू मानले आणि १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा आपला ग्रंथ त्यास अर्पण केला. प्रसाद नाही, कानमंत्र नाही, मस्तकावर हात नाही, केवळ विचार. आणि बुद्धाची ओळख त्यांस कोणी करून दिली? १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. केळुसकरांनी त्या मुलाकडून दक्षिणा घेतली नाही. उलट त्याच्या पुढील शिक्षणासाठी खटपट केली. पुस्तक दिले आणि वाचणे त्याच्यावर सोपविले.

नंतर १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आठवा. माझे आजोबा त्या दिवशी नागपुरास होते, जसे आपल्यांपैकी पुष्कळांचे असतील. कुशीनाराचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी ह्यांच्याकडून बाबासाहेबांनी व माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. तेथपर्यंत रीतीप्रमाणे झाले. पण पुढे काय घडले? लाखोंच्या समुदायास दीक्षा दिली ती बाबासाहेबांनी, म्हणजे एका गृहस्थाने. आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याही त्यांनीच. चंद्रमणी महास्थविरांनी त्या समुदायावर गुरुपदाचा हक्क सांगितला नाही, गादी मागितली नाही, नागपुरात मठ थाटला नाही. मला त्या वृद्ध भिक्षूचे मोठेपण त्यात दिसते. आणि बाबासाहेबांनी तरी आपल्या नावाचा कानमंत्र कोठे दिला? याच भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांस निवडून दिले नाही. त्यांनी शाप दिला नाही. अडीच वर्षांनी धम्माचे आमंत्रण दिले, तेव्हा त्यात भंडाऱ्याची माणसेही होतीच.

त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी हा भेद दोन शब्दांत मांडला आहे: बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. हे मूळ सुत्तांतलेच आहे. गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाने विचारले होते की, आपला उपदेश ऐकूनही काही शिष्य निर्वाणास पोहोचत नाहीत, असे का? भगवंतांनी त्यास राजगृहाच्या वाटेचा दृष्टांत दिला. दोघांस वाट सारखीच नीट सांगितली. एक पोहोचला, दुसरा आडवाटेने गेला. सांगणाऱ्याने त्यास काय करावे? तो वाट दाखविणारा आहे. पवनीहून भंडाऱ्यास जाणाऱ्यास आपणही वाट सांगतो. त्याबद्दल त्याच्या शेताचा तुकडा मागत नाही.

त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्षूविषयी जो प्रश्न उपस्थित केला तो आमच्या भिक्षुसंघाने अजूनही पुरतेपणी ऐकलेला नाही असे मी स्पष्ट लिहितो. भिक्षू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष व्हावयाचा आहे, की समाजाचा सेवक? पहिलाच असेल तर धम्मप्रसाराच्या कामी त्याचा उपयोग नाही. दुसरा असेल तर धम्माची आशा त्याच्यावर आहे. ह्या कसोटीस उतरणारे भिक्षू मी पाहिले आहेत. उन्हातान्हात वस्तीवस्तीतून फिरणारे, मुलांस पाली शिकविणारे, दारूच्या गुत्त्यासमोर उभे राहणारे, आजाऱ्यास आधी डॉक्टरकडे पाठविणारे. त्यांचा ह्या लेखाने अवमान झाला असे कोणी म्हणू नये. खोटे नाणे ओळखण्याची सवय लोकांस लागली तर खऱ्या नाण्याचे काय बिघडते? उलट परीक्षेस सर्वांआधी तयार होतील ते हेच.

"पण गृहस्थाने भिक्षूस जाब विचारावा हे धम्माच्या रीतीत बसते काय?" असा आक्षेप एका सुशिक्षित गृहस्थांनीच माझ्यापाशी घेतला. बसते. कोसंबी येथील भिक्षूंत क्षुल्लक कारणावरून तंटा माजला. भगवंतांनी समजाविले; त्यांनी ऐकले नाही, तेव्हा भगवंत त्यांस सोडून निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी काय केले? त्यांनी त्या भिक्षूंस वंदन करणे सोडले, उठून मान देणे सोडले, भिक्षा देणे सोडले. पोट रिकामे राहू लागले तसे ते भिक्षू श्रावस्तीस गेले आणि तंटा मिटविला. जे बुद्धाच्या उपदेशाने झाले नाही ते गृहस्थांच्या असहकाराने झाले! आपल्या हातातील वाढण्याच्या पळीत केवढी सत्ता आहे हे आपल्या स्त्रियांनी तरी ध्यानात घ्यावे.

जाब म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपली उपसंपदा कोठे झाली, उपाध्याय कोण, किती वर्षावास झाले, हे प्रश्न विचारल्याने खऱ्या भिक्षूचा अपमान होत नाही. संघात भिक्षू भिक्षूस हेच विचारतात. दान कोणाच्या नावे जाते, पावती कोण देतो, हिशेब कोण पाहतो, हेही विचारावे. सोने-चांदी व पैसा स्वीकारणे भिक्षूस वर्ज्य आहे, स्त्रीबरोबर एकांतात बसणे वर्ज्य आहे. म्हणून रोख रक्कम हातात मागणाऱ्यास आणि आपल्या सुनेस वा मुलीस 'साधनेसाठी' एकटीस बोलावणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे, त्यात संकोच कसला? विहारास जमीन द्यावयाची असेल तर अवश्य द्या. पण ती 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०' खाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थेच्या नावे द्या, म्हणजे धर्मादाय आयुक्ताच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही.

आमच्याच पवनीस जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली पुरातत्त्व खाते व नागपूर विद्यापीठ ह्यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली दात्यांची नावे सापडली. दान स्तूपास होते, आणि ते दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावे असे लिहिलेले होते. माझ्यापुढे आलेले दान बंद लखोट्यात होते आणि घरच्या सुनेसही त्याचा पत्ता नव्हता.

कोणी दीक्षेच्या प्रमाणपत्राचे भय घालतात: आमच्या हातून विधी केला नाही तर तुम्ही बौद्ध नव्हे. हे भय निराधार आहे. आमच्याच विदर्भातील एका निवडणुकीवरून निघालेल्या 'पंजाबराव विरुद्ध मेश्राम' ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली सांगून टाकले आहे की, मनुष्याने जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीरपणे घोषित केले की पुरे. विधी यथासांग झाला की नाही ह्याच्या खोलात जाण्याचे कारण नाही. सरकारी दाखल्यांसाठी कागदपत्रे लागतात, तो वेगळा विषय; पण आपले बौद्धत्व कोणा चीवरधाऱ्याच्या खिशात नाही.

कायदा किती मदत करतो हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ प्रमाणे, ज्यास दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालविता येते त्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेऊन मिळविलेला लाभ रद्द करवून घेता येतो. परलोकातील कल्याणाच्या आशेने एका वृद्धाने आपली सारी मालमत्ता गुरूस देऊन टाकली, असे 'मन्नूसिंग विरुद्ध उमादत्त पांडे' हे अलाहाबादचे प्रकरण १८९० च्या निवाड्यांत छापलेले आहे. न्यायालयाने ते दानपत्र टिकू दिले नाही. मात्र असा दस्त रद्द करवून घेण्यास, हकीकत कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत आहे. लाजेपोटी पुष्कळ कुटुंबे ती मुदत घालवितात. फेरफाराची नोटीस आली तर तलाठ्याकडे ताबडतोब लेखी हरकत द्यावी. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर झालेला जादूटोणाविरोधी कायदाही आहे. चमत्काराच्या नावाने फसवणूक करणाऱ्यास त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु उपचार रोखण्याविषयीचे त्यातील कलम कुत्रा, साप व विंचू ह्यांच्या दंशापुरते आहे. नातवाच्या गोळ्या बंद करविणाऱ्यास ते नेमके लागू करणे कठीण जाते, हे मी त्या वृद्धांस प्रथमच सांगितले. सर्व काही न्यायालयावर सोपवून चालत नाही, हे सांगण्यास वकिलाहून अधिक अधिकारी कोण?

वाद दाखल झाला आहे आणि तो प्रलंबित असल्याने त्याच्या गुणदोषांविषयी अधिक लिहिता येत नाही. तो इसम वस्ती सोडून गेला आहे. मागच्या तारखेस वृद्ध मला कचेरीच्या पायरीवर म्हणाले, "मंग आता घरी परित्राण कोनाच्या तोंडून म्हनवाचं जी?" त्यांची नात नववीत शिकते. पाली देवनागरीतच छापलेली असते. ती वाचू शकेल, असे मी सांगितले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मुलीने म्हटलेले चालते काय, असे विचारले. मी म्हणालो, बाबाजी, चालते. पौर्णिमेस तिने म्हटले. दोन ठिकाणी अडखळली, तेव्हा तिच्या आईने पुस्तिकेत बोट ठेवून ओळ दाखविली, असे त्यांनी परवा मला सांगितले.